कुलपुरुषाला शीरच नाही!

वर्गीकरण म्हणजे पाठांतर, ही समजूत आपल्या विज्ञान शाखेत इतकी मुरली आहे की तिच्याविरुद्ध बोलणारा विक्षिप्त ठरतो. संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती अशी उतरती शिडी, प्रत्येक पायरीवर एकेक लॅटिन नाव, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री ती नावे घोकणारा विद्यार्थी. एखादे नाव आता बदलले आहे असे तासाला सांगितले की हमखास प्रश्न येतो, "सर, मग पेपरात कोणते लिहायचे?" का बदलले, असे विचारणारा विरळा. माझे स्पष्ट मत असे आहे की हा 'का' हाच वर्गीकरणाचा खरा विषय होय, आणि तोच आपण वर्गाबाहेर ठेवला आहे. या मताच्या पुष्ट्यर्थ साक्षीदार म्हणून मी बदकचोच्या डायनोसॉरांना बोलावणार आहे. साक्षीदार मेलेले असले तरी बोलके आहेत.

प्रथम त्यांची ओळख. यांचे कुल हॅड्रोसॉरिडी. क्रिटेशस कल्पाच्या उत्तरार्धात, ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सर्वनाशापर्यंत, हे शाकाहारी प्राणी उत्तर अमेरिका, आशिया व युरोप या खंडांत मोठ्या संख्येने वावरत होते. तोंडाचा पुढचा भाग रुंद आणि दातविरहित. मागे मात्र शेकडो दात एकमेकांना खेटून रचलेले, एक झिजेपर्यंत त्याच्याखाली दुसरा तयार. आपल्या घरचे जाते बोथट झाले की टाकी लावणाऱ्याची वाट पाहावी लागे. या प्राण्यांच्या जात्याला जन्मभर आपोआप टाकी लागत असे. कुलाची खरी ओळख या दातांत आहे. पण लोकांच्या डोळ्यांत भरली ती चोच! चोच बदकाची म्हणून प्राणीही पाणथळीचा, चिखलात चरणारा आणि शत्रू दिसताच पोहत सुटणारा, असे चित्र कित्येक दशके पुस्तकांतून छापले गेले. जॉन ऑस्ट्रम यांनी १९६४ मध्ये पुरावा नीट तपासून हे जमिनीवर चरणारे प्राणी होते असे दाखवले. हाडावर शिंगासारख्या द्रव्याचे आवरण असे आणि ते खाली वळलेले असे, हेही काही नमुन्यांवरून दिसते. बदकाशी साम्य त्यामुळे आणखीच कमी होते.

गंमत अशी की हे डायनोसॉर ज्या मोठ्या विभागात मोडतात त्याचे नाव ऑर्निथिस्किया, म्हणजे पक्ष्यासारखी कटी असलेले. हे नाव हॅरी सीली यांनी १८८७ साली दिले. बदकासारखी चोच, पक्ष्यासारखी कटी! एवढे ऐकल्यावर पक्षी याच घराण्यातून निघाले असावेत असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात पक्षी निघाले ते थेरोपॉडांच्या, म्हणजे टायरॅनोसॉरस ज्या शाखेत येतो तिच्यातून. आणि त्या शाखेची कटी सीली यांच्या विभागणीत सरड्यासारखी ठरली होती. दिसणे आणि नाते यांची फारकत याहून ठसठशीत कोठे सापडावी?

आता कुलाच्या नावाची कथा. फिलाडेल्फियाचे शरीररचनाशास्त्रज्ञ जोसेफ लायडी यांच्याकडे माँटाना भागातून काही सुटे दात आले. त्यांवरून त्यांनी १८५६ मध्ये ट्रॅकोडॉन हे नाव दिले. दोन वर्षांनी न्यू जर्सीतील हॅडनफील्ड येथल्या एका शेतातील खाणीतून विल्यम फोक यांनी मिळवलेली हाडे त्यांच्यापुढे आली. हाता-पायांची हाडे, मणके, कटीचा भाग, काही दात, जबड्याचे तुकडे, एवढा ऐवज होता. कवटी नव्हती. लायडींनी त्याला हॅड्रोसॉरस फोकाय असे नाव दिले, दातांवरून इग्वानोडॉनशी नाते ओळखले, आणि पुढचे पाय मागच्यांपेक्षा बरेच आखूड आहेत हे पाहून हा प्राणी उभा राहत असावा असे अनुमान काढले. त्या काळी डायनोसॉर म्हणजे अवजड चतुष्पाद, अशी कल्पना रूढ होती. थोड्या हाडांवरून किती शहाणपणाने बोलता येते याचा हा नमुना आहे. १८६८ मध्ये हा सांगाडा फिलाडेल्फियाच्या अकादमीत उभा करण्यात आला. जगात उभा केलेला हा पहिला डायनोसॉरचा सांगाडा. डोके नव्हतेच, म्हणून शिल्पकार हॉकिन्स यांनी इग्वाना सरड्याच्या धर्तीवर एक डोके घडवून बसवले! आणि १८६९ मध्ये एडवर्ड कोप यांनी सबंध कुलाचे नाव या प्राण्यावरून ठेवले. तेव्हा ज्या कुलातील सभासद एकमेकांपासून प्रामुख्याने डोक्यावरून ओळखले जातात, त्या कुलाच्या मूळ पुरुषालाच शीर नाही. ही अडचण पुढे किती नडली ते येईलच.

ट्रॅकोडॉनचे काय झाले? ते दात एका प्राण्याचे नव्हतेच. त्यांत शिंगवाल्या डायनोसॉरांचेही दात मिसळलेले निघाले, आणि बदकचोच्यांचे जे होते त्यांवरून नेमका प्राणी ठरवता येईना. तरीही ट्रॅकोडॉन हे नाव कितीतरी वर्षे पाठ्यपुस्तकांत, चित्रांत, मुलांच्या पुस्तकांत मुक्काम ठोकून होते. नाव छापले गेले की त्याला किती आयुष्य लाभते!

न्यू यॉर्कच्या निसर्गेतिहासाच्या संग्रहालयात एक सांगाडा आहे. दक्षिण डकोटात मिळालेल्या या प्राण्याला कोप यांनी १८८३ मध्ये डिक्लोनियस म्हटले. पुढे त्याच्यावर ट्रॅकोडॉनची पाटी लागली. १९४२ मध्ये तो अनाटोसॉरस झाला, १९९० मध्ये अनाटोटायटन. २०११ मध्ये कॅम्पिओनी आणि एव्हन्स यांनी या गटातील कवट्यांची मोजमापे वयाच्या क्रमाने लावून पाहिली, तेव्हा लांबट, सपाट तोंडाचा हा 'राक्षसी' प्राणी म्हणजे एडमॉन्टोसॉरस अ‍ॅनेक्टेन्स याच जातीचा पूर्ण वाढलेला नमुना असल्याचे दिसले. तोंड वयाबरोबर लांबत गेले होते, एवढेच. सांगाडा तोच, पाटी पाचवी. यावर "शास्त्रज्ञांना एकदा काय ते ठरवता येत नाही का?" असे विचारणारे भेटतात. मला उलट वाटते. पहिल्या चार पाट्या हाडांच्या आकारावर लावलेल्या होत्या. पाचवी लावताना आकार वयाने कसा बदलतो हा प्रश्न विचारला गेला. पाचवीचे वजन म्हणून जास्त.

वयाचा हा प्रश्न तुरेवाल्यांच्या बाबतीत तर फारच गाजला. बदकचोच्यांची एक शाखा डोक्यावर पोकळ तुरा मिरवणारी. लॅम्बिओसॉरस, कोरिथोसॉरस, पॅरासॉरोलोफस ही त्यांतली ठळक मंडळी. तुऱ्याच्या पोकळीतून नाकाचे मार्ग वळसे घेत जात. कर्ण्यासारखा आवाज घुमवण्यास ते उपयोगी पडत असावेत, असे डेव्हिड वाइशॅम्पल यांनी १९८१ मध्ये मांडले. कॅनडातील अल्बर्टा प्रांतातून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा कवट्या एकामागून एक निघाल्या आणि तुऱ्याचा आकार जरा निराळा दिसला की नवी जाती, असा सपाटा चालला. तीन प्रजाती व बारा जाती झाल्या. मग १९७५ मध्ये पीटर डॉडसन यांनी कवट्या मोजल्या. प्रोचेनिओसॉरस नावाची जी ठेंगणी, इवल्या तुऱ्याची प्रजाती होती ती पिल्लांची निघाली. बाकीचे बरेच फरक नर-मादीचे असावेत. बारांच्या उरल्या तीन! पुढे खडकांच्या थरांचा क्रम बारकाईने पाहिल्यावर त्यांतली एखादी जाती पुन्हा वेगळी मानावी असे काही संशोधकांना वाटले, ते निराळे. पण तोपर्यंत युक्तिवाद पुष्कळ पुढे गेला होता.

नर-मादीची कल्पना मात्र जपून वापरावी लागते. हंगेरीचे बॅरन नोपचा हे मोठे बुद्धिमान आणि तितकेच वल्ली गृहस्थ. त्यांनी १९२९ मध्ये सगळ्या तुरेवाल्यांना नर आणि बिनतुऱ्यांना मादी ठरवून त्यांची लग्ने लावून टाकली. जोडीदारांचा काळ जुळतो का, गाव जुळते का, हे पाहिल्यावर बरीच लग्ने मोडली.

अशा चुका केवळ जुन्या पिढीच्या होत्या असेही नाही. अलास्कातील बदकचोच्यांना २०१५ मध्ये नवी प्रजाती म्हणून नाव मिळाले. ते नमुने वाढत्या वयाचे आहेत, प्राणी एडमॉन्टोसॉरसच असावा, असा आक्षेप दोन वर्षांत आला आणि पुढील अभ्यासाने त्याला बळकटी दिली. याउलट २००९ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात एका शाळकरी मुलाच्या नजरेला पडलेले पिल्लू पाहा. वय एक वर्षाच्या आतले, डोक्यावर नुसते टेंगूळ. १९२५ साल असते तर त्याला नव्या प्रजातीचे नाव खात्रीने मिळाले असते. २०१३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले ते पॅरासॉरोलोफसचे बाळ म्हणून.

येथवर ओळख पटवण्याचा भाग झाला. नाते ठरवणे त्याहून अवघड. आपल्या भागातील वाचकांना हे समजायला जड जाऊ नये. देशपांडे आणि कुलकर्णी मराठी बोलणाऱ्या घरांत आहेत तसे कन्नड बोलणाऱ्या घरांतही आहेत. ही नावे वतनांची. याच अंकाच्या दोन्ही विभागांत एकेक कुलकर्णी सापडले तर त्यांना कोणी चुलतभाऊ समजत नाही. उलट, एका आजोबांच्या दोन नातवांपैकी एकाच्या घराने वतनावरून व दुसऱ्याच्या घराने गावावरून आडनाव घेतल्याचेही आपण पाहतो. प्राण्यांच्या शरीरावरची लक्षणेही अशीच आडनावासारखी फसवतात. सारखे काम करता करता निरनिराळ्या घराण्यांत सारखा अवयव येतो; एकाच घराण्यात एक भाऊ तुरा वाढवतो, दुसरा नाही.

बदकचोच्यांबाबत हा वाद १९९० मध्ये अगदी मुळापर्यंत गेला. जॉन हॉर्नर हे या प्राण्यांचे थोर जाणकार. घरट्यांसह सापडलेल्या मायासॉराला १९७९ मध्ये नाव देणाऱ्या दोघांपैकी ते एक. त्यांनी मांडले की सपाट डोक्याचे बदकचोचे इग्वानोडॉनसारख्या पूर्वजापासून आणि पोकळ तुऱ्याचे बदकचोचे आफ्रिकेतील उंच पाठीच्या ऊरानोसॉरससारख्या पूर्वजापासून, असे वेगवेगळे आले. हे खरे असते तर हॅड्रोसॉरिडी हे कुलच राहिले नसते. चोच आणि दातांची ती अजब रचना दोनदा स्वतंत्रपणे घडली असे मानावे लागले असते. म्हणजे वर्गीकरणाच्या कोष्टकातील एक रेघ पुसली की उत्क्रांतीचा सगळा वृत्तांत बदलतो. काही वर्षांतच ट्रान्सिल्व्हेनियातील टेल्माटोसॉरसचा, म्हणजे नोपचांच्याच जुन्या सापडीचा, पुन्हा अभ्यास झाला आणि दोन्ही शाखा एकाच मुळाच्या असल्याचे मत दृढ झाले. आज तेच ग्राह्य आहे.

हा निवाडा कसा होतो? विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने १९५० मध्ये मांडलेली पद्धत येथे वापरतात. ती समजावताना मी वाटणीच्या दाव्याची भाषा वापरतो. खापरपणजोबांपासून सगळ्यांकडे आलेली वडिलोपार्जित वस्तू दाखवून आम्ही दोघे सख्खे, असे सिद्ध होत नाही. ती तर सगळ्याच भाऊबंदांकडे आहे. आमच्या दोघांच्याच आजोबांनी स्वकष्टाने मिळवलेली आणि फक्त आमच्याकडे उतरलेली वस्तू दाखवावी लागते. तुरा नसणे ही बदकचोच्यांची वडिलोपार्जित स्थिती. इग्वानोडॉनलाही तुरा नव्हता. म्हणून डोके सपाट आहे एवढ्यावर दोघांना जवळचे म्हणता येत नाही. नाकपुडीभोवतीचा पसरट खळगा ही मात्र त्या शाखेची स्वतःची कमाई, तसाच पोकळ तुरा ही दुसरीची. शिवाय सपाट डोके हेही हाडापुरतेच खरे! २०१३ मध्ये अल्बर्टातील एका एडमॉन्टोसॉरसच्या डोक्यावर कोंबड्यासारख्या मांसल तुऱ्याचा ठसा सापडल्याचे प्रसिद्ध झाले. हाडात त्याचा मागमूस नव्हता.

आता पुन्हा बिनशिराच्या कुलपुरुषाकडे. पूर्वी कुलाचे दोन उपकुलांत सरळ विभाजन असे, पोकळ तुऱ्याचे लॅम्बिओसॉरिनी आणि बाकीचे हॅड्रोसॉरिनी. २०१० मध्ये आल्बर्ट प्रिएतो-मार्केझ यांच्या विश्लेषणात हॅड्रोसॉरस या दोन्ही फांद्यांच्या बाहेर, फाटा फुटण्याच्या आधी पडला. नियम असा की उपकुलाला त्याचे नाव द्यायचे तर तो स्वतः आत हवा. तो बाहेर गेल्यामुळे दुसऱ्या फांदीला सॉरोलोफिनी हे नाव लागले. योगायोग पाहा, ज्यांना आपण इतके दिवस बिनतुऱ्यांची शाखा म्हणत होतो तिचे नाव आले सॉरोलोफसवरून, आणि त्याला तर मागे झुकलेला भरीव तुरा आहे! सर्वांना हे मान्य नाही. इतर काही विश्लेषणांत हॅड्रोसॉरस पुन्हा आत येतो, आणि ते संशोधक जुनेच नाव वापरतात. माझा कौल सॉरोलोफिनीला आहे. जुन्या नावाबद्दल मला आदर आहे. पण ज्या प्राण्याची जागा ठरवण्यास आवश्यक असलेली कवटीच हाती नाही, त्याला एवढ्या मोठ्या फांदीचा आधार करू नये. २०१६ मध्ये अलाबामातील इओट्रॅकोडॉनला नाव मिळाले. त्याची कवटी सापडली आहे, तोही खंडाच्या पूर्व भागातला, आणि त्यालाही अभ्यासकांनी दोन्ही उपकुलांच्या फाट्याबाहेरच बसवले आहे. माझ्या बाजूला हा आधार थोडा आहे, पण आहे. उद्या न्यू जर्सीत हॅड्रोसॉरसचे डोके मिळाले आणि त्याने वेगळी साक्ष दिली, तर पाटी पुन्हा बदलावी.

माझे एक सहकारी यावर म्हणतात, "हे संशोधकांना ठीक. पदवीच्या मुलांना काहीतरी पक्के द्यायला नको का?" त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही, सगळेच हलते ठेवले तर नवखा विद्यार्थी गांगरतो. पण पक्के द्यायचे ते नमुने आणि लक्षणे द्यावीत. चार प्राणी व सहा लक्षणे देऊन वंशवृक्ष काढायला सांगावा, दोन निरनिराळी उत्तरे आली तर कोणाला का पसंती, ते चार ओळींत लिहायला सांगावे. अशा प्रश्नाला मार्गदर्शिका उपयोगी पडत नाही, हाच त्याचा मोठा गुण. नमुनेही परदेशीच हवेत असे नाही. भारतात बदकचोचे सापडलेले नाहीत, पण नावांची हीच कहाणी आपल्याकडे घडली आहे. जबलपूरच्या शेपटीच्या मणक्यांवरून लायडेकर यांनी १८७७ मध्ये टायटॅनोसॉरस हे नाव दिले आणि त्यावरून जगभरच्या प्राण्यांचे मोठे कुल उभे राहिले. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावचा सांगाडा १९९७ मध्ये जैन व बंदोपाध्याय यांनी याच प्रजातीत घातला. २००३ मध्ये विल्सन आणि अपचर्च यांनी मूळ मणक्यांत वेगळे ओळखण्याजोगे काहीच नाही असे दाखवले. डोंगरगावचा प्राणी भक्कम पुराव्याचा, म्हणून त्याला नवे नाव मिळाले: इसीसॉरस, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या आद्याक्षरांवरून. आमच्या किती पदवीधरांना हे ठाऊक आहे?

नाते नीट ठरले की त्यातून काय निघते याचे एक ताजे उदाहरण मोरोक्कोतील आहे. तेथल्या फॉस्फेटच्या खाणीत जबड्याचा एक तुकडा व दात मिळाले. २०२० मध्ये त्या प्राण्याला अज्नाबिया ओडिसियस असे नाव दिले गेले. अरबी 'अजनबी', म्हणजे परका, हा शब्द आपल्याही ओळखीचा आहे. आफ्रिकेत बदकचोच्या तोपर्यंत कोणी पाहिला नव्हता. ऐवज लायडींच्या सुट्या दातांपेक्षा फार मोठा नाही. पण मधल्या दीडशेहून अधिक वर्षांत तुलनेसाठी वंशवृक्ष तयार झाला होता, आणि त्यावर हा परका पोकळ तुरेवाल्यांमध्ये, युरोपातील नातलगांच्या शेजारी बसला. त्या काळी आफ्रिका चहूबाजूंनी समुद्राने वेढलेली होती. मग हे प्राणी, समुद्र ओलांडून, पोहत किंवा वाहत आले असले पाहिजेत. २०२४ मध्ये त्याच खाणींतून मिन्कारिया नावाचा दुसरा नातलग पुढे आला, आणि तिसऱ्या, आकाराने मोठ्या प्राण्याचे दंडाचे हाडही मिळाले आहे. त्याला अजून नाव नाही.